सूर्य न उगवणाऱ्या गावी बाळंतपणाला जाऊ का?

प्रश्न : ताई, मी साताऱ्याची, वय ६३. मुलगा आणि सून दोन वर्षांपासून नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला आहेत. सुनेचं पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी २० डिसेंबर ही तारीख दिली आहे. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांना जाता येत नाही, म्हणून मी जायचं ठरतंय. पण तिथं नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही म्हणे! वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी मी नेमकी तिथं असणार. चाळीस वर्षं मी सकाळी सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय चहा घेतलेला नाही. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावते. तिथं सकाळ कुठली आणि तिन्हीसांज कुठली? बाळाला कोवळं ऊन कसं दाखवायचं? आमचे हे म्हणतात, अशा अंधारात माणसांची डोकी फिरतात, तू जाऊ नकोस, त्या दोघांनाच इकडे बोलावून घे. परवा फोनवर सून म्हणाली, "आई, इथं अंधार सुरू झाला," आणि रडायलाच लागली. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. काय करू?
— होणारी आजी, सातारा

उत्तर :

आजी (आता तुम्हाला याच नावाने हाक मारते), तुम्ही जा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोहोचाल असं तिकीट काढा. त्या दोघांना इकडे बोलावण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका. छत्तीस आठवडे उलटलेल्या गरोदर बाईला विमान कंपन्या सहसा घेत नाहीत. आणि घेतलं तरी ज्या डॉक्टरांनी आणि सुइणींनी नऊ महिने तिला तपासलं, त्यांना सोडून ऐन वेळी इतक्या लांब येण्यात कुणाचंच हित नाही.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण मी स्वतः ट्रॉम्सोत चार हिवाळे काढले आहेत. नवऱ्याची नोकरी तिथं होती. पहिल्या वर्षी माझ्या मनात होती तीच भीती तुमच्या पत्रात आहे.

आधी त्या अंधाराचं सांगते. 'सूर्य उगवत नाही' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अमावास्येची रात्र येते, चोवीस तास. तसं तिथं नसतं. ट्रॉम्सो उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, जवळजवळ ७० अक्षांशावर आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य तिथं क्षितिजावर येत नाही. पण २१ डिसेंबरला, म्हणजे तुम्ही ज्या दिवसाला घाबरता आहात त्याच दिवशी, भर दुपारी तो क्षितिजाच्या फक्त तीन अंश खाली असतो. हात पुढे लांब करून दोन बोटं आडवी धरा, तेवढंच ते अंतर. सूर्य दाराआड उभा असावा आणि त्याचा उजेड फटीतून आत यावा, तसं होतं. साडेनऊच्या सुमारास फटफटायला लागतं आणि पावणेदोन-दोनपर्यंत उजेड असतो, म्हणजे चार तासांहून थोडा जास्त. या वेळात बाहेर दिव्याशिवाय चालता येतं. आभाळ अगदीच भरून आलेलं नसेल तर पेपरही वाचता येतो.

आणि काय उजेड असतो तो! साडेअकराला तुम्ही समुद्राकडे तोंड करून उभ्या राहाल तेव्हा दक्षिणेला क्षितिजाशी केशरी रंगाची एक बारीक किनार दिसेल, पैठणीच्या काठासारखी. तिच्यावर फिका गुलाबी, मग हिरवट छटा, आणि तिथून डोक्यापर्यंत निळा. साधा निळा नव्हे, शाई पाण्यात विरघळत जावी तसा. खालचा बर्फही तोच रंग घेतो, त्यामुळे डोंगर, रस्ता, घरांची छपरं, सगळं निळं होऊन जातं. आणि त्या निळ्यात प्रत्येक खिडकीत पिवळा दिवा. नाताळाच्या आधीचे चार आठवडे तिथं घरोघरी खिडकीत कागदी चांदणी नाहीतर सात दिव्यांची कमान लावतात, आणि ते दिवे दिवसाही विझवत नाहीत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या चाळीतले आकाशकंदीलच आठवले.

लोकमान्य टिळकांनी १९०३ साली एक सिद्धान्त मांडला होता, तो तुम्ही ऐकला असेल. वेदांतल्या उषेच्या सूक्तांमध्ये लांबत जाणाऱ्या पहाटेचं वर्णन आहे, तीस उषांचा उल्लेख आहे. अशी पहाट आपल्याकडे होत नाही, म्हणून आर्यांचं मूळ ठिकाण उत्तर ध्रुवाजवळ असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. तो सिद्धान्त आज अभ्यासक मानत नाहीत. पण तो प्रदेश कधीही न पाहता, पुण्यात बसून त्यांनी त्या पहाटेचा इतका बारकाईने विचार केला, याचं मला तिथं उभी असताना फार नवल वाटलं. कारण ट्रॉम्सोत डिसेंबरात खरोखर तेच घडतं. पहाट होते, लांबत जाते आणि मधे दिवस न येता तिचीच संध्याकाळ होते.

पहिल्या हिवाळ्यात मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. सूर्यच नाही तर बाहेर पाहायचं काय, म्हणून मी पडदे ओढून घेतले. नवरा कामावर गेला की पुन्हा झोपायचे, उठायचे ते एक वाजता, म्हणजे तो निळा उजेड मावळतीला लागलेला असताना. दहा-बारा दिवसांत माझी रात्र आणि दिवस यांची पार सरमिसळ झाली. रात्री तीनला टक्क जागी, दुपारी डोळे मिटलेले, आणि विनाकारण डोळ्यांत पाणी. खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई राहत. त्यांनी एक दिवस दार वाजवलं, माझ्या बुटांकडे बोट दाखवलं आणि मला अकरा वाजता बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवसापासून मीच जिन्यात त्यांची वाट पाहू लागले. आठवडाभरात माझी झोप ताळ्यावर आली.

म्हणून माझं तुम्हाला पहिलं सांगणं हेच आहे. रोज अकरा ते बारा घराबाहेर. बर्फ पडत असला तरी. आणि सुनेलाही, बाळंतपणाआधी जमेल तेवढं आणि नंतर सुईण हो म्हणेल तेव्हा, बरोबर घ्या. अंधारात माणसांची डोकी फिरतात हे तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. हिवाळ्यात ठरावीक काळी येणारी उदासी हा खरा आजार आहे, १९८४ पासून वैद्यकशास्त्रात त्याला नाव आहे, आणि त्यावर उपचारही आहे. सकाळी उठल्यावर अर्धा तास १०,००० लक्सच्या खास दिव्यासमोर बसायचं. मुलाला विचारा, बहुधा त्यांच्या घरात असा दिवा असेलच. तुमचं मोतीबिंदूचं किंवा डोळ्यांच्या पडद्याचं काही दुखणं असेल तर मात्र निघण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारूनच तो वापरा.

आता अर्घ्याचं. याच प्रश्नावर मी सगळ्यांत जास्त विचार केला. तुम्ही अर्घ्य देता ते सूर्याला, पूर्वेला नव्हे. आपल्याकडे तो पूर्वेला उगवतो म्हणून आपण तिकडे तोंड करतो. ट्रॉम्सोत डिसेंबरात तो क्षितिजाच्या सगळ्यांत जवळ येतो तो पावणेबाराच्या सुमारास, आणि बरोबर दक्षिणेला. दक्षिण म्हटल्यावर तुमच्या मनात पाल चुकचुकेल, माझ्याही चुकचुकली होती. पण तो जिकडे आहे तिकडे पाठ करून, जिकडे नाही तिकडे पाणी सोडणं मला तरी पटलं नाही. मी चारही वर्षं दक्षिणेकडच्या त्या केशरी किनारीला अर्घ्य दिलं. चहा मात्र तोपर्यंत थांबवू नका. त्या थंडीत उपाशीपोटी पावणेबारापर्यंत राहणं तुमच्या वयाला झेपणार नाही. उठल्यावर मनात नमस्कार करा आणि चहा घ्या.

एक गोष्ट फार महत्त्वाची. अर्घ्याचं पाणी अंगणात किंवा दाराच्या पायरीवर सोडू नका. मी पहिल्या आठवड्यात सोडलं होतं. काही मिनिटांत त्याची काच झाली, आणि संध्याकाळी त्याच खालच्या बाईंचा पाय त्यावरून सरकला. कठडा हाती लागला म्हणून निभावलं, पण त्या दिवशी माझ्या पोटात जो गोळा आला तो आजही आठवतो. तेव्हापासून घरात खिडकीशी उभी राहून तामणात अर्घ्य द्यायचे आणि ते पाणी कुंडीतल्या झाडाला घालायचे.

आणि तिन्हीसांज. इथं तुम्हाला एक सांगते, ते ऐकून तुमची निम्मी काळजी जाईल. हिवाळ्यात नॉर्वेचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. ट्रॉम्सोत डिसेंबरच्या त्या दिवसांत दुपारी पावणेदोनला उजेड विझायला लागतो. त्या वेळी साताऱ्यात किती वाजलेले असतात? सव्वासहा. म्हणजे तुमच्या घरची दिवेलागण आणि ट्रॉम्सोची दिवेलागण एकाच वेळी होते! तुम्ही दुपारी पावणेदोनला देवापाशी दिवा लावा. तीच तिथली खरी तिन्हीसांज. आणि साताऱ्याच्या घरात त्याच मिनिटाला यजमानांना दिवा लावायला सांगा. चाळीस वर्षांत त्यांनी तो किती वेळा लावला असेल, मला माहीत नाही, पण तुम्ही नसताना देवघर अंधारात राहू नये एवढं त्यांनाही वाटत असणार. फोन लावून ठेवा, दोघं मिळून शुभंकरोती म्हणा. ते इकडे एकटे असतील आणि तुमच्या काळजीने झुरत असतील. 'जाऊ नकोस' म्हणण्यामागे मला अंधारापेक्षा तेच जास्त दिसतं.

एकादशीचा उपवास असेल तर सोडण्याची वेळ साताऱ्याच्या पंचांगावरून घ्या. तिथं सूर्योदयच नसल्यावर दुसरा आधार नाही. मार्गशीर्षातले गुरुवारही असेच. आणि दत्तजयंतीच्या पौर्णिमेला आकाश मोकळं असलं तर बाळाच्या बाबाला तुम्हाला बाहेर न्यायला सांगा. हिवाळ्यात सूर्य जितका खाली, तितका पौर्णिमेचा चंद्र वर. हल्लीच्या वर्षांत तर तो त्या दिवसांत तिथं मावळतच नाही, चोवीस तास घराभोवती फिरत राहतो. त्याच्या उजेडात बर्फावर स्वतःची सावली पडते.

बाळाला कोवळं ऊन मिळणार नाही, हे खरं. त्याची सोय तिथल्या सरकारी आरोग्य केंद्राने केलेली असते. पहिल्या महिन्यापासूनच बाळाला रोज १० मायक्रोग्रॅम 'ड' जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात. ते न चुकता द्या, आपल्या उन्हाचंच काम ते करतात. मोठी माणसं हिवाळाभर कॉड माशाच्या यकृताचं तेल चमच्याने घेतात. तुम्ही शाकाहारी असाल तर इथल्या डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्या. बाळाला तेल लावा, अंघोळ घाला, पण ओव्याची धुरी आणि शेगडीचा शेक राहू दे. घरं लाकडाची आणि बंद, धूर कोंडतो आणि छताला लावलेली घंटा सगळी इमारत जागी करते. मधाचं बोटही वर्षभर नको.

आणि शेजारणीने बाळगाडी बाहेर गारठ्यात ठेवून बाळाला तिथं झोपवलेलं दिसलं तर दचकू नका. लोकरीत गुंडाळून उघड्या हवेत झोपवण्याची तिथली जुनी रीत आहे. तुमच्या सुनेला ती पाळायची असली तर मोडता घालू नका, नसली तर आग्रह धरू नका.

थंडीचं लोक सांगतात तितकं नसतं. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तिथला समुद्र गोठत नाही, आणि डिसेंबरात पारा साधारण उणे दोन-चारच्या आसपास असतो. वारा असला की जास्त बोचतं. अंगालगत लोकरीचे कपडे घाला, सुती नको. खरा धोका थंडीचा नाही, घसरण्याचा आहे. बुटांना खालून लावायचे खिळे मिळतात, त्यांना तिथं ब्रोडर म्हणतात. ते लावल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. गाडीच्या उजेडात चमकणारा पट्टाही कोटाला अडकवा, तिथं लहानथोर सगळे लावतात.

डिंकाचे लाडू इथून करून नेणार असाल तर थांबा. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध, तूप आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणता येत नाहीत. डिंक, अळीव, खारीक, सुंठ असं सुकं सामान पाकिटात बांधून न्या आणि तूप तिथं कढवा. लोणी उत्तम मिळतं. उत्तरेकडच्या सामी लोकांत पूर्वी सूर्य परत आला की त्याच्या देवीसाठी, बाइवीसाठी, दाराच्या चौकटीला लोणी माखायची चाल होती. मला ते कळलं त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातही लोणी कढत होतं आणि घरभर वास सुटला होता.

आता सुनेच्या रडण्याचं. आजी, सगळं रडं अंधाराच्या खाती टाकू नका. पहिलं बाळंतपण, आई येऊ शकत नाही, भाषा परकी. मे महिन्यातही ती रडली असती. तुम्ही पोहोचलात की तिला 'अंधारामुळे होतं गं असं' म्हणून गप्प करू नका. तिच्या शेजारी बसा आणि काय होतंय ते विचारा. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस मन भरून येणं साहजिक आहे. पण दोन आठवडे उलटूनही ती उदास असेल, बाळाकडे पाहावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, किंवा स्वतःचं नाहीतर बाळाचं बरंवाईट करण्याचे विचार ती बोलून दाखवेल, तर त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांना फोन करायला लावा. आरोग्य केंद्राची नर्स बाळाला पाहायला घरी येते, तिलाही हे मोकळेपणाने सांगता येतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सासूनेच हे आधी बोलून दाखवलं तर सुनेला केवढा धीर येतो, ते मी पाहिलेलं आहे.

२१ डिसेंबरला तुमच्याकडे बहुधा बाळंतिणीची गडबड असेल. तरी पावणेबाराला एक मिनिट खिडकीशी जा. तिथले लोक त्या दिवशी एकमेकांना 'सूला स्नूर' म्हणतात, म्हणजे सूर्य वळला. आपलं उत्तरायण ते हेच. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी मकर संक्रांतही याच दिवसात पडायची. पृथ्वीचा आस सावकाश फिरत असल्यामुळे ती सरकत सरकत १४-१५ जानेवारीवर आली. आणि १५ जानेवारीच्या सुमारासच ट्रॉम्सोचा सूर्य क्षितिजावर परततो! म्हणजे आपण इथं तिळगूळ वाटतो त्याच दिवसांत तो तिथं वर येतो. फक्त दक्षिणेला डोंगर आडवे असल्यामुळे शहरात तो दिसतो २१ जानेवारीला. त्या दिवशी शाळेतली मुलं त्याला पाहायला बाहेर पडतात आणि बेकरीत जॅम भरलेले गोल तळलेले पाव घ्यायला रांग लागते, सूर्याचे पाव म्हणतात त्यांना. काही मिनिटंच दिसतो तो. पण मी बाया-बाप्यांना रस्त्यात थांबून, डोळे मिटून, तोंड वर करून उभं राहिलेलं पाहिलंय. एक फेब्रुवारीला दिवस पाच तासांचा होतो आणि महिनाअखेर नऊ तासांहून मोठा.

प्रवासी व्हिसा जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा मिळतो. परतीचं तिकीट फेब्रुवारीअखेरचं काढा. रथसप्तमीही तिथंच होईल. दारात नाही, पण स्वयंपाकघरातल्या शेगडीवर सूर्याकडे तोंड करून दूध उतू घालवा, बाळाला मांडीवर घ्या, आणि खिडकीतून येणारा पहिला कवडसा त्याच्या पायांवर पडू द्या. कोवळं ऊनच असतं ते. तिथलं ऊन दुपारी बारा वाजतासुद्धा कोवळंच असतं.

ता. क. तामण लहानच न्या. आणि बुटांचं माप मुलाला आत्ताच कळवा, म्हणजे तो ब्रोडर घेऊन विमानतळावर येईल. दारातून गाडीपर्यंतचं अंतरच सगळ्यांत निसरडं असतं.